शेणकिड्याला गेंड्या भुंगा समजून मारू नका

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर शिंगाच्या भुंग्यापासून, म्हणजे गेंड्या भुंग्यापासून, नारळ कसा वाचवावा, याविषयीचा मजकूर नुकताच वाचला. विषय महत्त्वाचा आहे आणि लिहिणाऱ्याची कळकळही खरी आहे. पण सोबत छापलेले छायाचित्र गेंड्या भुंग्याचे नाही. तो शेणकिडा आहे. नारळाच्या झाडावर तो चढत नाही, त्याचे पान कुरतडत नाही, आणि कुरतडायचे म्हटले तरी तसे तोंडच त्याला नाही. त्या छायाचित्राखाली 'दिसताक्षणी मारा' असे लिहिले आहे. मजकुराच्या शेवटी तर जनावरांच्या शेणावर, मग ते खड्ड्यातले असो की उघड्या जमिनीवर पडलेले, सरसकट कीटकनाशक ओतावे असा सल्ला दिला आहे. छायाचित्राची चूक दोन ओळींत दुरुस्त होईल. हा सल्ला मात्र लोकांनी मनावर घेतला तर नुकसान मोठे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातून प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून निवृत्त झाले. विभागातल्या कीटकपेट्या माझ्या ताब्यात असत. आलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, बारीक कुंचल्याने सांध्यांतली माती काढायची, उजव्या पंखकवचातून टाचणी घालायची, पाय नीट मांडायचे, चिठ्ठी लावायची, असे काम. पावसाळा सुरू झाला की विद्यार्थी रात्री दिव्याखाली सापडलेले काळे भुंगे घेऊन येत आणि त्यांतला जो शिंगवाला असेल तो थेट 'गेंड्या' म्हणून माझ्या टेबलावर ठेवत. निम्म्या वेळा तो शेणकिडा निघे.

दोघांची गल्लत होण्यासारखी आहे, हे खरेच. दोन्ही कीटक स्कॅराबेइडी या एकाच कुळातले. दोघांचे अंग काळे, टणक, जाड. दोघांच्या डोक्यावर शिंग. दोघेही रात्री उडतात आणि दिव्याकडे झेपावतात. कार्ल लिनियसने 1758 मध्ये दोघांचे शास्त्रीय वर्णन एकाच ग्रंथात केले आणि दोघांनाही स्कॅराबियस या एकाच प्रजातीत घातले. पुढच्या अभ्यासकांनी त्यांना वेगळे काढले. नारळावरचा झाला ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस आणि आपण ज्याचे छायाचित्र छापले तो कॅथार्सियस मोलोसस. दोघांचा वावर दक्षिण आणि आग्नेय आशियात आहे, त्यामुळे एकाच दिव्याखाली दोघे एका रात्री सापडू शकतात.

ओळखायचे कसे, ते आधी सांगते. शिंगाकडे पाहूच नका. शिंग दोघांनाही असते आणि नर-मादीप्रमाणे त्याची लांबी बदलते. किडा हातात घ्या, चावत नाही. पहिल्यांदा पाठ पाहा. दोन पंखकवचे जिथे छातीला भिडतात, तिथे बरोबर मध्ये एक लहान त्रिकोण स्पष्ट दिसला तर तो गेंड्या. कॅथार्सियसमध्ये हा त्रिकोण दिसत नाही, कवचे थेट छातीपर्यंत जाऊन भिडतात. मग डोके पाहा. शेणकिड्याचे डोके पुढे पसरट, फावड्यासारखे असते आणि तोंडाचे सगळे अवयव त्याखाली झाकलेले असतात. गेंड्याचे डोके पुढे अरुंद आणि त्याचे जबडे बाहेर दिसतात. आता किडा उलटा करा. शेणकिड्याच्या मधल्या पायांची जोडी बुडाशी एकमेकांपासून चांगलीच लांब असते. गेंड्याचे मधले पाय बुडाशी जवळजवळ असतात, खालच्या बाजूला तांबूस केस दिसतात, आणि मादी असेल तर पोटाच्या टोकाला त्या केसांचा दाट झुपका असतो. आकारही मदतीला येतो. गेंड्या साधारण 35 ते 50 मिलिमीटर लांबट, तर कॅथार्सियस 25 ते 40 मिलिमीटर आणि लांबीच्या मानाने खूप रुंद. पण मोठा शेणकिडा आणि छोटा गेंड्या यांची मापे जुळू शकतात, म्हणून मी त्रिकोणावर आणि डोक्यावरच भरवसा ठेवते.

या साऱ्या फरकांच्या मुळाशी प्रत्येकाचे अन्न आहे. कोण काय खातो हे एकदा कळले की तो कुठे राहतो, त्याचे डोके तसे का, मादी अंडी किती घालते, हे सगळे उलगडत जाते.

पूर्ण वाढलेला गेंड्या नारळाच्या शेंड्यात शिरतो. अजून न उलगडलेल्या कोवळ्या पानांच्या बुडाशी तो पायांच्या आणि जबड्यांच्या जोरावर भोक पाडतो, आतला कोवळा गाभा चावून त्याचा रस पितो आणि चोथा मागे ढकलतो. भोकाच्या तोंडाशी तो ओला चोथा लोंबताना दिसला तर भुंगा आत आहे असे समजावे. तो जिथून गेला तिथे पानाच्या घड्या एकदम छेदल्या जातात. काही आठवड्यांनी ते पान उघडते तेव्हा झावळीच्या दोन्ही बाजूंना सारखे त्रिकोणी काप पडलेले दिसतात. खरे तर तोवर चोर निघून गेलेला असतो. मोठे झाड सहसा यातून तगते, पण वाढीचा कोंबच पोखरला गेला तर मरते, आणि लहान रोपांना हा धोका जास्त. शिवाय त्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोकळ करतात. गेंड्यावरचा राग म्हणूनच अनाठायी नाही.

पण त्याच गेंड्याची अळी पाहा. तिला हिरवे, जिवंत झाड चालत नाही. मादी शेंडा सोडून खाली येते आणि कुजलेल्या पदार्थात अंडी घालते. जुने शेणखत, पालापाचोळ्याचे ढीग, लाकडाचा भुसा, नारळाचे पडलेले ओंडके, शेंडा गेलेली पण उभी असलेली मेलेली खोडे, यांपैकी काहीही चालते. एक मादी आयुष्यात 50 हून जास्त अंडी घालते आणि घातली की तिचे काम संपते. अळी पांढुरकी, जाडजूड, तपकिरी डोक्याची, वेटोळे करून पडलेली. ती महिनोन्महिने तिथेच कुजके लाकूड आणि खत खात राहते. लाकडातला सेल्युलोज पचवणे सोपे नसते. त्यासाठी तिच्या आतड्याच्या मागच्या भागात एक फुगीर कप्पा असतो आणि त्यातले जिवाणू तो आंबवून देतात. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण 4 ते 9 महिने लागतात. एकाच किड्याचे हे दोन संसार आहेत. अळी असताना तो अंधारात कुजके खाऊन माती घडवतो, आणि पंख फुटल्यावर जिवंत झाडाच्या उंच शेंड्यावर जाऊन गाभा चघळतो. नुकसान फक्त दुसऱ्या संसारात होते. उपाय मात्र पहिल्या संसारात सोपा असतो, कारण अळ्या एका जागी, जमिनीच्या पातळीवर, हाताला लागतील अशा असतात.

शेणकिड्याचे तसे नाही. त्याला ताजे शेण लागते. शेणाचा पो पडला की वासावर तो काही वेळात येऊन पोहोचतो. मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या उघडणाऱ्या पातळ पाकळ्या असतात, त्यांनी तो वास टिपतो. घाई का, तर शेण वाळते, त्यावर माश्या अंडी घालतात, दुसरे शेणकिडे येतात. नारळाचे झाड वर्षानुवर्षे जागच्या जागी उभे असते, शेणाचा पो मात्र दोन-चार दिवसांत खाण्याच्या लायकीचा उरत नाही. म्हणून शेणकिडा आधी शेण लपवतो. गोळा घरंगळत नेणारे शेणकिडे सर्वांना चित्रांतून माहीत आहेत, पण कॅथार्सियस त्यांतला नाही. तो पो पडला तिथेच खाली बोगदा खणतो आणि शेण आत ओढतो. पसरट डोके आणि दातेरी पुढचे पाय त्या खणण्यासाठीच आहेत. बोगदा करणाऱ्या शेणकिड्यांत नर बोगद्याच्या तोंडाशी पहारा देतात, आणि दुसरा नर आला तर अरुंद बोगद्यात शिंगाने रेटारेटी करून त्याला बाहेर काढतात.

पूर्ण वाढलेला शेणकिडा शेण चावत नाही. त्याचे जबडे मऊ, पडद्यासारखे असतात आणि कडेला केसांची झालर असते. तो शेणातला ओलावा आणि त्यातले अतिसूक्ष्म कण गाळून घेतो, गवताचे धागे बाहेरच राहतात. मी लेन्सखाली हे जबडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा एवढ्या दणकट किड्याचे तोंड इतके नाजूक असेल यावर विश्वास बसला नव्हता. असल्या तोंडाने नारळाच्या देठाला ओरखडाही उठणार नाही. चावण्याचे काम त्याची अळी करते. मादी जमिनीखाली शेणाचे गोळे बनवते, एका गोळ्यात एकच अंडे घालते आणि वर मातीचा लेप देते. अळीचे सारे बालपण त्या एका गोळ्यात जाते. तोच तिचा शिधा आणि तेच तिचे घर. गोळ्याला तडा गेला तर ती स्वतःच्या विष्ठेने तो लिंपते. काही शेणकिड्यांत आई अंड्याशेजारी स्वतःच्या विष्ठेचा लहानसा घासही ठेवते. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर आधी तो खाते आणि पचनाला लागणारे जिवाणू त्याला आईकडून मिळतात. इतके कष्ट एका अंड्यापाठी घ्यायचे म्हटल्यावर एका घरट्यात गोळे थोडेच असणार. गेंड्याच्या मादीची 50 हून जास्त अंडी आणि शेणकिड्याच्या मादीचे हे मोजके गोळे यांतला फरक संपादकांनी लक्षात घ्यावा असे मला फार वाटते. गेंड्याची संख्या मारूनही लवकर भरून येते. शेणकिड्याची तशी येत नाही.

आता आपल्या सल्ल्याकडे वळते. 'शेणात सापडणारा शिंगाचा भुंगा' असे एकच वर्णन करून दोघांना एका रांगेत बसवले आहे. शेण एकच असले तरी त्याची अवस्था वेगळी असते. जमिनीवरचा ओला, ताजा पो हा शेणकिड्याचा. खड्ड्यात साठवून, कुजून काळे झालेले खत हे गेंड्याच्या अळीचे. खतात मोकळी फिरणारी मोठी अळी सापडली तर ती कॅथार्सियसची नव्हे, कारण त्याची अळी गोळ्याबाहेर राहतच नाही, आणि गोळा फोडून पाहिला तर तिच्या पाठीला कुबडही दिसते. मोकळी अळी गेंड्याची असू शकते, पण तिथेही थोडे थांबावे. तळहातावर किंवा फळीवर ठेवल्यावर अळी उताणी होऊन पाठीवर सरकू लागली तर ती फुलभुंग्याची आहे. तीही कुजकेच खाते आणि पुढे तिचा भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरत नाही.

उघड्या जमिनीवरच्या ताज्या शेणात विष ओतून गेंड्या मरणार नाही, कारण तो तिथे नसतोच. मरेल तो शेणकिडा, आणि त्याच्यासोबत त्याच्या पोटाला चिकटून आलेले तांबूस कोळीही. नमुना स्वच्छ करताना हे कोळी मी कुंचल्याने झटकून टाकत असे. ते काय करतात हे विभागातल्या एका प्राध्यापकांनी नंतर सांगितले. ते शेणकिड्याच्या अंगावर बसून एका पोवरून दुसऱ्या पोवर जातात, तिथे उतरतात आणि माश्यांची अंडी खातात. म्हणजे शेणावर माश्या वाढू नयेत म्हणून दोन तऱ्हांनी काम चालते. शेणकिडा शेणच गाडून टाकतो, आणि उरलेल्यातली अंडी कोळी फस्त करतात. गाडलेल्या शेणातला नत्र हवेत उडून न जाता मातीत मिळतो, आणि बोगद्यांतून पाणी खाली मुरते.

हे काम करणारे किडे नसले तर काय होते, ते ऑस्ट्रेलियात दिसले. तिथे 1788 मध्ये युरोपीय लोकांबरोबर गुरे गेली. तिथल्या मूळच्या शेणकिड्यांना कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लहान लेंड्यांची सवय, गाईचा ओला पो त्यांना झेपेना. शेण जागच्या जागी वाळत पडले, त्याखालचे गवत गेले आणि माश्यांचा उच्छाद झाला. जॉर्ज बोर्नमिसझा या हंगेरीत जन्मलेल्या कीटकशास्त्रज्ञाने तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत हा प्रश्न लावून धरला, आणि 1968 पासून बाहेरच्या देशांतले शेणकिडे तिथे सोडले गेले. त्या काळात सोडलेल्या 43 जातींपैकी 23 टिकल्या. जे किडे एका खंडाने मुद्दाम आणून जोपासले, ते आपल्याकडे निसर्गाने आधीच दिले आहेत.

गेंड्याचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. तोही समुद्रापार गेला, पण नकळत. 1909 मध्ये रबराच्या रोपांबरोबर तो श्रीलंकेतून सामोआत पोहोचला, आणि नारळावर जगणाऱ्या बेटांमागून बेटे त्याने गाठली. विषारी फवाऱ्यांनी तो आवरला नाही. आवरला तो एका विषाणूने. अलॉईस ह्यूगर यांना 1963 मध्ये मलेशियात गेंड्याच्या आजारी अळ्यांत हा विषाणू सापडला आणि 1967 मध्ये तो सामोआत सोडला गेला. लागण झालेला भुंगा कमी खातो, कमी उडतो, आणि जिवंत असेपर्यंत विष्ठेतून विषाणू पसरवत राहतो. कुजक्या ढिगात तो जोडीदार शोधायला येतो, तिथे दुसऱ्या भुंग्यांना आणि अळ्यांना लागण होते. त्याच्या राहणीचा नीट अभ्यास झाला होता म्हणून हा उपाय चालला. पुढे 2007 मध्ये ग्वाम बेटावर या विषाणूला फारशी दाद न देणारे गेंडे सापडले आणि 2013 मध्ये हवाईत तसलेच पोहोचले. ग्वाममध्ये 2015 च्या वादळानंतर पडलेली झाडे कुजू लागली, त्यांत गेंडे वाढले, त्यांनी आणखी नारळ मारले, आणि त्या मेलेल्या खोडांत आणखी अळ्या वाढल्या. कुजके ओंडके वेळेवर हलवणे का गरजेचे आहे, ते यावरून दिसते.

म्हणून गेंड्यावर उपाय जरूर करावा, पण त्याच्या जागी जाऊन. मेलेली खोडे आणि कुजके ओंडके पडू देऊ नयेत. खताचा खड्डा मधूनमधून उपसून अळ्या वेचाव्यात. खड्ड्यात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळावी, ती अळ्यांना ग्रासते. झाडावर चढून भोकात लोखंडी आकडी घालून भुंगा ओढून काढणे ही जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. लहान रोपांच्या वरच्या पानांच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू घालतात. (याच गोळ्या मी कीटकपेट्यांच्या कोपऱ्यांत ठेवत असे.) गेंड्याचा नर आपल्या जातीच्या भुंग्यांना जवळ बोलावण्यासाठी जो गंध सोडतो, त्याची ओळख 1990 च्या दशकात पटली. आता त्याचे सापळे मिळतात आणि त्यांत शेणकिडा ओढला जात नाही.

आणखी एक गोष्ट पशुपालकांसाठी. जंतनाशक म्हणून जनावरांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन बऱ्याच अंशी शेणातून जसेच्या तसे बाहेर पडते आणि त्या शेणावर वाढणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. औषध आवश्यक असेल तेव्हा दिलेच पाहिजे. पण पशुवैद्याला विचारून, गरज असलेल्या जनावरालाच द्यावे. सगळ्या कळपाला सवयीने देऊ नये.

माझी विनंती अशी. त्याच पानावर, तेवढ्याच ठळक जागी दुरुस्ती छापावी. दोन्ही किड्यांची छायाचित्रे शेजारीशेजारी द्यावीत, आणि ती वरून, पाठ दिसेल अशी घेतलेली असावीत, म्हणजे पंखकवचांमधला त्रिकोण कोणाला आहे आणि कोणाला नाही ते वाचकाला स्वतः पाहता येईल. बाजूने काढलेल्या छायाचित्रात फक्त शिंग दिसते आणि पुन्हा तोच घोटाळा होतो. उघड्यावरच्या शेणात कीटकनाशक ओतण्याचा सल्ला स्पष्ट शब्दांत मागे घ्यावा. छायाचित्रांसाठी एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटक संग्रहाकडे विचारणा केली तर दोन्ही नमुने नाव-तारखेच्या चिठ्ठीसह मिळतील.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, प्राणिशास्त्र)